बोलक्या बाहुलीचं तोंड: मऊ कुठे, कडक कुठे

हातात घालून बोलायला लावायची बाहुली बनवताना लोक डोळ्यांवर, केसांवर, कपड्यांवर भरपूर वेळ देतात. तोंड मात्र बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, घरात सापडेल त्या पुठ्ठ्याचं उरकलं जातं. मग प्रयोगात जबडा नुसता वरखाली आपटत राहतो, कोपऱ्यातलं कापड ताणलं जातं आणि थोड्याच वेळात कलाकाराचा अंगठा भरून येतो. कितीही सुंदर डोळे लावा, बाहुली बोलू लागली की प्रेक्षकाची नजर तोंडावर जाते. म्हणून तोंडाचं सामान आधी ठरवावं आणि बाकीची बाहुली त्याभोवती बांधावी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं मत असं, की तोंडासाठी एकच आदर्श मटेरियल शोधत बसू नये. तोंडाच्या तीन जागांना तीन वेगळे गुण लागतात. मधला भाग बोटांचा जोर पुढपर्यंत पोचवण्याइतका ताठ हवा. बिजागरीच्या रेघेने, म्हणजे जबडा मागे जिथे दुमडतो त्या घडीने, हाताला विरोध करता कामा नये. आणि ओठांची कडा दाबली की दबायला हवी. बाजारातली कुठलीही एक शीट हे तिन्ही देत नाही. त्यामुळे खरी निवड म्हणजे मऊ आणि कडक यांची वाटणी.

हा लेख हाताने चालवायच्या, तोंडाची उघडझाप करणाऱ्या कापडी आणि फोमच्या बाहुल्यांपुरता आहे. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचा अभिनय मानेत, हातांत आणि दोऱ्या ओढणाऱ्याच्या आवाजात असतो. त्या कलेचे नियम वेगळे.

आधी भूमिका ठरवा

मराठी माणसाला बोलकी बाहुली म्हटलं की अर्धवटराव आठवतो. यशवंत पाध्ये यांच्यापासून चालत आलेला आणि रामदास पाध्ये यांनी घराघरांत पोचवलेला हा बाहुला कडक चेहऱ्याचा. अशा बाहुल्यांत खालचा जबडा कळीने हलतो आणि गाल, ओठ जागचे हलत नाहीत. त्याचा फायदा मोठा आहे: नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेलाही प्रत्येक शब्दाची उघडझाप स्वच्छ दिसते. भाव मात्र मानेच्या झटक्यातून, डोळ्यांतून आणि आवाजातून आणावे लागतात.

दुसऱ्या टोकाला अमेरिकी बाहुलीकार जिम हेन्सन यांचा कर्मिट हा बेडूक. १९५५ मध्ये आईच्या जुन्या कोटाचं कापड आणि टेबल टेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे वापरून त्यांनी तो केला. डोक्यात लाकूड नाही, कळ नाही, आत फक्त हात. मूठ जरा आवळली की कर्मिट ओशाळतो, बोटं पुढे ताणली की थक्क होतो. टीव्हीचा कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ असतो, तिथे हा मऊपणा सोन्यासारखा. तीच बाहुली उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात चाळीस फुटांवरून पाहिली तर बारीक भाव पोचत नाहीत.

म्हणून सामान घ्यायला निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहा. प्रेक्षक किती लांब असतील? बाहुली एका वेळी किती मिनिटं बोलणार? आणि तिचा स्वभाव काय? फटकळ आजी, भांडखोर कावळा, घोषणा देणारा पुढारी यांना ताठ तोंड शोभतं, कारण त्यांचं बोलणं ठोकून काढलेलं असतं. लाजरं पिल्लू, रडकं मूल, तोंडात दात नसलेले आजोबा यांना मऊ तोंडच हवं. बोळक्या तोंडाचे आजोबा तर मऊ तोंडाशिवाय जमतच नाहीत. ओठ आत वळले पाहिजेत, आणि ताठ तोंड ते वळू देत नाही.

हात मोजा, बाहुली नव्हे

तोंडाच्या आत जो सपाट सांगाडा असतो त्याला मी माउथप्लेट म्हणते. वरची प्लेट चार बोटांसाठी, खालची अंगठ्यासाठी. तिचं माप हातावरून काढायचं. पंजा बदकाच्या चोचीसारखा धरा आणि चारही बोटांची मिळून रुंदी मोजा. दोन्ही बाजूंना साधारण एकेक सेंटिमीटर जास्त धरा. मोठ्या माणसाच्या हाताला दहा ते बारा सेंटिमीटर रुंदी आणि वरच्या प्लेटला नऊ-दहा सेंटिमीटर खोली बहुधा पुरते. खालची प्लेट एक-दोन सेंटिमीटर आखूड ठेवली की बाहुलीला हनुवटी मिळते. तोंड याहून मोठं केलं तर प्लेटचं टोक बोटांच्या आवाक्याबाहेर जातं आणि तिथे मटेरियल स्वतःच्या वजनाने लोंबतं.

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळ्या निवडीचं मूळ तोच. वरच्या प्लेटवर चार बोटं पसरलेली असतात. ती प्लेट मऊ असली तरी बोटं तिला पुढपर्यंत आधार देतात आणि हवी तिथे सुरकुत्या पाडतात. खालच्या प्लेटला मात्र एकटा अंगठा, तोही आखूड. त्याचा जोर मागच्या अर्ध्या भागापर्यंतच पोचतो. म्हणून खालची प्लेट वरच्यापेक्षा ताठ हवी. दोन्ही प्लेट एकाच शीटमधून कापण्याची सवय आपल्याला लागलेली असते. ती मोडून पाहा: वर मऊ, खाली ताठ. एवढ्या एका बदलाने बाहुलीचा चेहरा बदलतो. लाजऱ्या, भावुक पात्रांसाठी तर वरची प्लेट गाळून नुसता फोम आणि अस्तर ठेवलं तरी चालतं.

कुठलं सामान कसं वागतं

पुठ्ठ्यापासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यांकडे असतो. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्यात आतल्या नाल्यांची दिशा महत्त्वाची. नाल्या बिजागरीला काटकोनात असल्या तर प्लेट पुढेमागे ताठ राहते. समांतर असल्या तर बोटांखाली मधेच वाकते. शाळेतल्या कार्यशाळेला हा पुठ्ठा छान, पण हाताच्या घामाने तो आठवड्याभरात लोळागोळा होतो आणि पावसाळ्यात त्याहून लवकर. वहीच्या बाइंडिंगला लागणारा करडा, दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा जास्त टिकतो. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून सील केला तर ताठ तोंडाच्या बाहुलीला वर्षभर सहज साथ देतो.

स्टेशनरीच्या दुकानात रंगीत फोम शीट मिळते, ती ईव्हीए. दोन मिलिमीटरची एक शीट प्लेट म्हणून अगदीच लुळी पडते, पण कडेच्या मऊ ओठांसाठी आणि वरच्या प्लेटसाठी उत्तम. पाच-सहा मिलिमीटरची घट्ट ईव्हीए मिळाली तर ती खालच्या प्लेटला चालते. ईव्हीएचा एक मोठा गुण म्हणजे ती गरम केली की वळते आणि थंड झाल्यावर वळण धरून ठेवते. हेअर ड्रायरने चांगली तापवून गुडघ्यावर दाबली की टाळूसारखा किंचित घुमट येतो. सपाट टाळूपेक्षा घुमटदार टाळू आतून खरा वाटतो. ईव्हीएचा अवगुण बिजागरीत दिसतो: सतत एकाच रेघेवर दुमडली की ती रेघ पांढरी पडते आणि शेवटी चिरते. म्हणून ईव्हीएची प्लेट करा, बिजागरी नको.

माझं सगळ्यात आवडतं सामान म्हणजे जुना माउसपॅड. दोन-तीन मिलिमीटरचं फोम रबर आणि त्यावर कारखान्यातच पक्कं चिकटवलेलं बारीक विणीचं कापड. आपल्याला जे थर हाताने चिकटवायला तास लागतो, ते इथे आयते मिळतात. कापडाची बाजू तोंडाच्या आत ठेवली की अस्तर चिकटवायला सुरेख पृष्ठभाग मिळतो, रबराची बाजू बोटांना पकड देते. दुमडला की आवाज नाही, सोडला की घडीची खूण जवळपास राहत नाही. लॅपटॉपच्या जुन्या निओप्रीनच्या पाकिटाचाही असाच उपयोग होतो. हे मटेरियल मऊ तोंडासाठी तसंच वापरा. जास्त ताठपणा हवा असेल तर खालच्या प्लेटमागे जिभेच्या आकाराचा पुठ्ठ्याचा किंवा जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा चिकटवा. तो तुकडा बिजागरीपासून आणि ओठांच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत थांबला पाहिजे.

वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात, म्हणजे पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी, गॅस्केट शीट मागितली तर दुकानदार वेगवेगळ्या वस्तू समोर ठेवेल. बुचाचे कण रबरात मिसळलेली तपकिरी शीट हलकी, आवाज न करणारी आणि थोडी स्प्रिंगसारखी असते. तीन मिलिमीटरची मिळाली तर घ्या. काळी रबर शीट टिकाऊ पण जड. दोन मिलिमीटरच्या वर जाऊ नका, कारण ते वजन उंचावलेल्या हातावर येतं. तिसरी, राखाडी किंवा तपकिरी कागदासारखी दाबून केलेली शीट अजिबात घेऊ नका. ती दुमडली की तुटते, आणि त्या प्रकारच्या काही शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ते घरात कापणं धोक्याचं आहे.

चामडं जुनं आणि प्रामाणिक सामान. कोल्हापुरी चप्पल करणाऱ्यांकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचे तुकडे उरतात. तळव्याचं चामडं आपल्या कामाला फार जाड, पण पट्ट्यांचं पातळ चामडं बिजागरीसाठी अप्रतिम. ते जितकं वापरावं तितकं हाताच्या ओळखीचं होतं. कोकणात किंवा मुंबईत मात्र पावसाळ्यात त्यावर बुरशी येते आणि घामाने भिजून वाळलं की कडक होतं. आत सुती मोजा किंवा हातमोजा घालून बाहुली चालवणाऱ्यांनीच चामड्याच्या वाटेला जावं.

फायलींच्या प्लास्टिक कव्हरचं पॉलिप्रॉपिलीन बिजागरी म्हणून फारच गुणी. शाम्पूच्या बाटलीचं टिचकीने उघडणारं झाकण याच प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर हजारो वेळा उघडतं. पण त्यावर नेहमीचा कुठलाही गोंद नीट धरत नाही. ते शिवायचं किंवा रिव्हेट मारायचं, हाच उपाय. शिवाय ताठ प्लास्टिक माइकजवळ टकटक वाजतं. उत्सवानंतर सगळीकडे मिळणारं फ्लेक्स बॅनरचं कापडही लोक वापरतात. कार्यशाळेत चालेल, पण त्यातला पीव्हीसी मऊ करणारा द्रव हळूहळू झिरपतो आणि गोंद चिकट, ढिला होतो. रेक्झिनचंही तेच. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा पॅकिंग फोम आणि थर्माकोल यांचा तोंडाला काही उपयोग नाही.

गाल आणि डोकं साकारायला सोफा दुरुस्त करणाऱ्याकडून पीयू फोम घ्या. बत्तीस किंवा चाळीस डेन्सिटीचा, एक सेंटिमीटर जाडीचा मागा. कमी डेन्सिटीचा स्वस्त फोम हातात मऊ लागतो, पण लवकर बसतो आणि पिवळा पडून भुगा होतो. फोम तापलेल्या तारेने घरात कापू नका, निघणारा धूर विषारी असतो. लांब पात्याचा धारदार कटर पुरतो.

लॅटेक्स आणि सिलिकॉनबद्दल विचारणारे खूप असतात. १९८४ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर सुरू झालेल्या 'स्पिटिंग इमेज'साठी पीटर फ्लक आणि रॉजर लॉ यांनी केलेल्या पुढाऱ्यांच्या बाहुल्या फोम लॅटेक्सच्या होत्या. साचा करायचा, फेस केलेलं लॅटेक्स ओतायचं, भट्टीत शेकायचं. त्यातून येणारी सुरकुत्यांची लवचीकता दुसऱ्या कशाने येत नाही. पण साचा, भट्टी आणि अनुभव तिन्ही लागतात. सिलिकॉन जड असतं आणि सिलिकॉनला फक्त सिलिकॉनच चिकटतं. पहिल्या चार-पाच बाहुल्यांना या वाटेला न गेलेलं बरं.

दुकानातच करायच्या चाचण्या

शीटचा हातभर तुकडा मागण्याआधी कोपरा हातात घ्या आणि पूर्ण दुमडून चिमटीत वीस आकडे मोजेपर्यंत धरा. सोडल्यावर ती लगेच सपाट झाली तर ताठ प्लेटला ठीक, पण अखंड तुकड्यातून तोंड करायला वाईट, कारण मिटलेलं तोंड ती सतत उघडायला बघेल आणि तुमच्या अंगठ्याला लढावं लागेल. अर्धवट दुमडलेली राहिली तर मऊ तोंडासाठी योग्य. घडीवर पांढरी रेघ उमटली तर बिजागरीसाठी बाद.

मग ती कानाशी नेऊन दुमडा. कर्रकर्र ऐकू आली तर माइकलाही ऐकू येईल. नंतर कडेला अंगठ्याने आत दाबा. कडा आत वळून परत आली पाहिजे. घरी आणल्यावर एक तुकडा ओल्या रुमालात रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी फुगला, विरघळला किंवा रंग सोडला तर घामात त्याचं काय होणार ते कळलं.

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौकातली स्टेशनरीची दुकानं, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि कापडासाठी मंगळदास मार्केट इथे बहुतेक सगळं मिळतं. लहान गावात चपला-बुटांचं कच्चं सामान विकणारं दुकान शोधा. पातळ रबर, घट्ट फोम, चामडं आणि चांगला गोंद एकाच ठिकाणी असतो. हे दुकानदार मटेरियलबद्दल भरभरून सांगतात. बाहुलीसाठी हवंय म्हटलं तर आणखी दोन वस्तू आतून काढून दाखवतात.

बिजागरी

वहीचं कव्हर उघडून बघा. दोन पुठ्ठे, मधे थोडी फट, वर एक कापडी पट्टी. तोंडाची बिजागरी तशीच आहे, फक्त पट्टी कुठल्या बाजूला लावता यावर फट किती ठेवायची ते ठरतं. पट्टी तोंडाच्या आतल्या बाजूला लावली तर दोन्ही प्लेट जवळजवळ चिकटून ठेवता येतात, दोन मिलिमीटर फट पुरते आणि तोंड पूर्ण मिटतं. पट्टी हाताच्या बाजूला लावली तर प्लेटच्या जाडीच्या दुप्पट फट लागते. म्हणजे तीन मिलिमीटरच्या प्लेटला सहा मिलिमीटर, आणि वर अस्तराची जाडी. हे न पाळल्यामुळेच कित्येक बाहुल्यांचं तोंड मागून मिटतच नाही आणि पुढचे ओठ एकमेकांना टेकत नाहीत.

पट्टीसाठी घट्ट विणीचं सुती कापड, पातळ चामडं किंवा चांगली कापडी टेप घ्या. साधी सेलोटेप आणि पॅकिंगची तपकिरी टेप उन्हाळ्यात सरकते. पट्टी प्लेटवर दोन्ही बाजूंना निदान तीन सेंटिमीटर गेली पाहिजे. टोकांना, म्हणजे तोंडाच्या दोन कोपऱ्यांत, सगळ्यात जास्त ताण येतो. तिथे पट्टी सुईदोऱ्याने चार-पाच टाके घालून पक्की करा.

जोडणी, पायरीपायरीने

पहिल्यांदा कागदाचा नमुना कापा, हातात धरून आरशासमोर चार वाक्यं बोला. तोंड मोठं वाटतं का, अंगठा ताणतो का, हे कागदच सांगेल. नमुना पटला की प्लेट कापा आणि कडा सँडपेपरने गोल करा, कारण चौकोनी कडा अस्तरातून दिसते आणि ते झिजवते.

गोंद निवडताना थांबा. पांढरा फेविकॉल सुकल्यावर कडक होतो, फेवीक्विक काचेसारखं ठिसूळ होतं आणि ग्लूगनचा गोंद जाड गाठ सोडतो आणि गाडीत तापला की सुटतो. हलणाऱ्या जागी या तिघांनाही प्रवेश नको. फेविबॉन्ड किंवा फेविकॉल एसआरसारखा रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांवर पातळ पसरा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर चिकटेनासा झाला की मगच दोन्ही बाजू जुळवा आणि जोरात दाबा. एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून मधून सुरुवात करून कडेकडे जा. रबर शीट आधी सँडपेपरने खरवडून पुसून घ्या, नाहीतर वरची पावडर गोंद धरू देत नाही. खिडकी उघडी ठेवा, आग जवळ नको. हा गोंद थर्माकोल विरघळवतो. लहान मुलांच्या कार्यशाळेत मात्र तो आणूच नका, तिथे सुईदोरा आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पुरे.

बिजागरी बसली की आतलं अस्तर. चमकणारं साटिन प्रकाशात पांढरं दिसतं, ते टाळा. गडद मरून, वांगी किंवा काळं, न चमकणारं कापड घ्या. फेल्ट, मखमल किंवा ताणणारं होजिअरी. ताण न घेणारं कापड असेल तर तोंड पूर्ण उघडं ठेवून चिकटवा आणि बिजागरीच्या रेघेत काठीने आत दाबून एक छोटी चूण ठेवा. होजिअरी असेल तर तोंड काटकोनात उघडून चिकटवा. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर पट्टा गोंदाशिवाय सोडा. कापड तिथे मोकळं राहिलं की घडी मऊ पडते.

मग बोटांची पकड. वरच्या प्लेटच्या मागे इलॅस्टिकची रुंद पट्टी किंवा कापडी खिसा शिवा, खाली अंगठ्यासाठी एक कडं. पकड ढिली असेल तर तोंड उघडताना बोटं निसटतात आणि कितीही चांगलं मटेरियल वाया जातं. घट्ट असेल तर रक्ताभिसरण थांबतं. बोटाखाली पातळ स्पंजचा तुकडा लावला तर दोन्ही अडचणी मिटतात.

शेवटी डोकं जोडणं, आणि इथे एक नियम पाठ करा: बाहेरची कातडी शिवताना तोंड पूर्ण उघडं ठेवा. मिटलेल्या तोंडावर शिवलेलं कापड मिटलेलं सुंदर दिसतं, पण उघडताना गालांत अडतं. पूर्ण उघड्या तोंडावर शिवलेलं मिटल्यावर गालांत थोडं फुगतं, आणि तेच फुगणं हसऱ्या गालांचं काम करतं. बाहेर पोलर फ्लीस किंवा ताणणारं होजिअरी घ्या. ताण आडव्या दिशेने जास्त येईल असं कापा. फोमच्या गालांत आतून, बिजागरीच्या रेघेत, व्ही आकाराची खाच काढली की जबडा हलका होतो.

ओठ, कोपरे, जीभ, दात

प्लेटची कडा उघडी ठेवू नका. चार-पाच मिलिमीटर फोमची पट्टी कडेबाहेर अर्धा सेंटिमीटर येईल अशी लावा आणि वरून कापड वळवा. हेच ओठ. ते दबतात, एकमेकांवर टेकतात आणि खालचा ओठ वरच्याखाली दाबला तर बाहुली विचारात पडल्यासारखी दिसते.

कोपरा मात्र फोमविना ठेवा. बिजागरीच्या टोकापासून एक सेंटिमीटरवर ओठाची पट्टी निमुळती करून संपवा. कोपऱ्यात जाडी भरली की तोंड मागून फाकतं. कोपऱ्याच्या बाहेर गालावर छोटा टाका आत ओढून घेतला तर खळी पडते. टाका वर घेतला तर चेहरा कायम हसरा, खाली घेतला तर कुरकुरा.

जीभ फेल्टची, फक्त मागून जोडलेली. दात घट्ट ईव्हीएचे किंवा फोमचे, पुढच्या भागापुरते. दातांची रांग बिजागरीपर्यंत नेली की सगळी लवचीकता गेली. मऊ तोंडाच्या पात्राला दोनच दात द्या, त्यात गोडवाही असतो.

बोलून बघा

आता मराठी बोलून तपासा. प, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आहेत. त्यांच्या उच्चाराला ओठ मिटलेच पाहिजेत. बाहुलीने 'बाबा, मामाला आंबा पाठवा' असं म्हणताना बा, मा, पा यांच्या सुरुवातीला तोंड पूर्ण मिटतंय का आणि पुढच्या 'आ'ला स्वच्छ उघडतंय का, ते आरशात बघा. मिटत नसेल तर ओठांचा फोम जाड करा किंवा बिजागरीतली फट वाढवा. मग 'ओहो, खूप गोड' म्हणा. ओ आणि ऊ ला तोंड अर्धंच उघडून बोटं जवळ आणायची असतात. मऊ कडा इथे गोल होते, ताठ कडा तशीच राहते. ट, ण, ळ टाळूशी घडतात. त्यांच्यासाठी बाहुलीला काहीच करायचं नाही आणि प्रत्येक अक्षराला जबडा हलवण्याची घाई तिथेच सोडायची.

हालचाल अंगठ्याने खाली करा, चार बोटं शक्यतो स्थिर. प्रत्येक शब्दाला वरचा जबडा उडाला तर बाहुली मान टाकत बोलतेय असं दिसतं. जबडा खाली येत नसेल, अंगठा दुखत असेल, तर आधी बिजागरी तपासा, मग वजन, मग पकड. बहुतेक वेळा दोष बिजागरीतच निघतो.

निगा

प्रयोग संपला की बाहुली पिशवीत कोंबू नका. तोंड उघडं ठेवून पंख्याखाली वाळवा आणि आत कागदाचा हलका बोळा ठेवून मग ठेवा. मिटवून ठेवलेल्या तोंडात घडी कायमची बसते आणि फोम तिथे आधी खचतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. उन्हात वाळवायचा मोह टाळा, कारण पीयू फोम आणि रबर दोघांनाही ऊन लवकर म्हातारं करतं. आतला खिसा सुटा ठेवला असेल तर तो धुता येतो.

पहिल्या बाहुलीसाठी सामान शोधत असाल तर माझा सल्ला असा: वर जुन्या माउसपॅडची मऊ प्लेट, खाली त्याच माउसपॅडला मागून बाइंडिंगच्या पुठ्ठ्याचा आधार, आतल्या बाजूने सुती पट्टीची बिजागरी, मरून होजिअरीचं अस्तर, आणि ओठांना पाच मिलिमीटरचा फोम. ओठ शिवण्यापूर्वी नुसतं तोंड हातात घालून घरातल्या कुणाशी तरी दहा मिनिटं गप्पा मारा. कुठे अडतंय ते तेव्हाच कळतं आणि तेव्हाच दुरुस्त होतं.